‘खाला’ फ्रेंचांविरुद्धचा सिनेमा नाही

आफ्रिकी सिनेमा दाखवला की नंतरच्या चर्चेत कुणी ना कुणी उठून सांगतंच : सेनेगली दिग्दर्शक उस्मान सेम्बेनचा ‘खाला’ म्हणजे फ्रेंच वसाहतवादावरचा घणाघात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल फ्रान्सपासून स्वतंत्र झाला १९६० साली, ‘खाला’ आला १९७५ साली. मधल्या पंधरा वर्षांत खुर्च्यांवर कोण बसलं होतं, हा त्या सिनेमाचा विषय आहे.

सेम्बेनने दोन वेगळ्या जातीचे सिनेमे केले. पहिली जात आपल्याला समजावून सांगायला नको. ‘एमिताई’मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच फौज दक्षिण सेनेगलच्या कासामान्स भागातल्या द्योला जमातीच्या गावाकडे तांदूळ मागते आणि बायका तो लपवून ठेवतात. ‘कां द तियारॉय’मध्ये फ्रान्ससाठी लढून परतलेले आफ्रिकी सैनिक थकलेला पगार मागतात आणि १ डिसेंबर १९४४ रोजी राजधानी डाकारजवळच्या छावणीत त्यांच्यावर फ्रेंच गोळ्या चालतात. जुलूम परक्याचा, मरण आपलं. स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात अडखळायला काही नाही.

सालावरून जात ओळखता येत नाही, एवढं जाता जाता सांगतो. ‘एमिताई’ १९७१चा, ‘कां द तियारॉय’ १९८८चा, दोन्ही स्वातंत्र्यानंतरचेच.

दुसरी जात ‘खाला’ची, आपल्याच नव्या मालकांवरची. तिथे खरी गफलत होते ती पडद्यावरच्या गोऱ्या माणसामुळे. ‘खाला’ची सुरुवात आठवा. सेनेगली व्यापारी चेंबर ऑफ कॉमर्सचा ताबा घेतात, फ्रेंचांना बाहेर काढतात, त्यांचे पुतळे उचलून पायऱ्यांवर आणून ठेवतात. बाहेर ढोल वाजतायत, लोक नाचतायत. थोड्याच वेळात तेच फ्रेंच ब्रीफकेसा घेऊन परत येतात, आणि सुटाबुटातल्या नव्या मालकांसमोर त्या उघडतात. आत नोटांची बंडलं. इथे प्रेक्षक म्हणतो, बघा, सूत्रं फ्रेंचांच्याच हातात आहेत, म्हणजे टीका त्यांच्यावर. पण ब्रीफकेस नाकारायची मोकळीक कुणाला होती? फ्रेंच माणूस पैसे देणारच, त्यात त्याचा फायदा आहे. ते घेणारा हात मात्र आता गुलामाचा राहिलेला नाही. सेम्बेनचा कॅमेरा पुढे दोन तास त्या हाताचा पिच्छा पुरवतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जुलूम कोण करतंय एवढं बघून भागत नाही, वेगळं वागणं कुणाला शक्य होतं ते बघायचं. ‘एमिताई’तल्या गावकऱ्यांपुढे बंदूक आहे. ‘खाला’तल्या त्या व्यापाऱ्यांपैकी एक, एल हाज अब्दू कादर, त्याच्यापुढे बंदूक नाही. तो तिसरं लग्न करतो, एव्हियां हे फ्रेंच बाटलीबंद पाणीच पितो, त्याच्या मर्सिडीजच्या रेडिएटरमध्येही तेच ओतलं जातं. लग्नाच्या रात्री त्याला नपुंसकत्वाचा शाप लागतो, त्यालाच वोलोफ या सेनेगलच्या भाषेत ‘खाला’ म्हणतात. तो शाप कुठल्या फ्रेंच माणसाने दिलेला नाही. कागदपत्रांत नावं फिरवून ज्या भाऊबंदांची जमीन त्याने लाटली, त्यांच्यातल्याच एका भिकाऱ्याने तो दिलाय.

भाषेचं बघा. मुलगी रामा वोलोफमध्ये उत्तर देते म्हणून एल हाज तिच्यावर खेकसतो. पुढे चेंबरमधून हकालपट्टी व्हायची वेळ येते तेव्हा तो स्वतः वोलोफमध्ये बोलू पाहतो, तर बाकीचे त्याला दटावतात की बोलायचं ते फ्रेंचमध्येच. त्या खोलीत फ्रेंचचा आग्रह धरणारे सगळे सेनेगली आहेत.

आणखी जवळून बघायचं असेल तर ‘बोरोम सारेत’ बघा, १९६३चा, जेमतेम वीस मिनिटांचा. डाकारचा एक गरीब गाडीवाला गिऱ्हाईक घेऊन प्लाटो या श्रीमंत भागात जातो. तिथे घोडागाडीला बंदी आहे. पोलीस अडवतो. गाडीवाल्याचं युद्धातलं पदक खाली पडतं, तो ते उचलायला वाकतो, तोवर पोलिसाने त्यावर बूट ठेवलेला असतो. पदक जुन्या राज्याचं, बूट नव्या राज्याचा. गाडी जप्त होते आणि गिऱ्हाईक पैसे न देता पसार होतं. या सिनेमाला निव्वळ वसाहतविरोधी म्हणायचं तर तो बूटच दिसला नाही असं म्हणावं लागेल.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती उलट्या टोकाच्या लोकांची. ते म्हणतात, म्हणजे सेम्बेनला फ्रेंच बरे वाटत होते. ‘खाला’नंतर तेरा वर्षांनी तियारॉयच्या कत्तलीवर सिनेमा करणाऱ्या माणसाबद्दल हे बोलवतं तरी कसं! आपल्या राज्याकडून अपेक्षा होती, म्हणून तो चिडलाय.

ही अपेक्षा ‘मंदाबी’त (१९६८) दिसते, आणि मला ‘खाला’पेक्षा ‘मंदाबी’च श्रेष्ठ वाटतो. श्रीमंत शेठ हास्यास्पद करणं तुलनेने सोपं असतं. इथे इब्राहिमा दियेंगला पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या पुतण्याकडून २५,००० फ्रँकची मनीऑर्डर येते. मुंबईच्या मनीऑर्डरवर ज्यांची घरं चालली त्या कोकणातल्या माणसाला त्या कागदाचं मोल सांगावं लागणार नाही. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्मदाखला हवा, फोटो हवा, मुद्रांक हवा. फोटोवाला पैसे घेतो आणि फोटो देत नाही, भांडणात दियेंगचं नाक फुटतं. पैसे आल्याचं कळताच शेजारी उसनं मागायला येतात, दुकानदार उधारीचा तगादा लावतो. शेवटी शिकलेला, सुटातला नातेवाईक मदतीच्या नावाखाली मनीऑर्डर वटवतो, रक्कम चोरीला गेली म्हणून सांगतो आणि हातावर तांदळाचं पोतं टेकवतो.

दियेंग म्हणतो, आता मीही लांडगाच होणार. तेवढ्यात पोस्टमन आलेला असतो. तो म्हणतो, हा देश आपण बदलू. दियेंग विचारतो, कोण बदलणार? पोस्टमन त्याच्याकडेच बघून सांगतो : तू.