स्ट्रॉबेरीची चुगली

आमच्या आईची पाककृतींची वही म्हणजे १९८३ सालची एक डायरी. ११ जूनच्या पानावर केळ्याचा केक आहे: तूप अर्धी वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी, मैदा दीड वाटी, आंबट दही एक वाटी, खायचा सोडा सपाट अर्धा चमचा, कुस्करलेली केळी दोन. ‘आंबट’ या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या. हा केक आधी वाळूच्या गोल ओव्हनमध्ये झाला, मग शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये, आता मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर होतो. कधी बिघडल्याचं मला तरी आठवत नाही.

या जानेवारीत भाची साताऱ्याला आली होती. महाबळेश्वरहून येताना तिनं स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स आणले आणि जाहीर केलं, “आत्या, आजीचाच केक, पण केळ्याऐवजी स्ट्रॉबेरी.” दही घरी लावलेलं नव्हतं म्हणून पिशवीतलं घट्ट, गोडसर दही घेतलं. केक फुगला छान. कापला आणि सगळे गप्प. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक फोडीभोवती पावसाळ्यातल्या भिंतीवर येतं तसं हिरवट-निळं कडं. फोडीचा गाभा लाल, कड हिरवी.

वहिनीनं वास घेऊन पाहिला. मामींना फोटो गेला, आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्याकडून व्हिडिओ आला. कुणीतरी कुस्करलेल्या स्ट्रॉबेरीवर सोड्याचं पाणी ओततं, रस निळा-काळा होतो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘बघा, इंजेक्शन देऊन रंग भरलेली स्ट्रॉबेरी!’

व्हिडिओत दिसतं ते अगदी खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर उलटा आहे. सोडा पडल्यावर निळी होते ती अस्सल स्ट्रॉबेरी. पाँसो ४आरसारखा कारखान्यातला लाल रंग सोड्याच्या पाण्यात आरामात लालच राहतो. म्हणजे संशय घ्यायचाच तर सोडा घालूनही ढिम्म न बदलणाऱ्या लाल रसाचा घ्यावा. आणि इंजेक्शन टोचलेली स्ट्रॉबेरी बॉक्समध्ये संध्याकाळपर्यंत तरी टिकेल का? ज्यानं हे फळ एकदा हातात धरलंय त्याला हे सांगावं लागू नये. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपल्या जिल्ह्याचं हे पीक, आणि बदनामी करणारा व्हिडिओ आपणच पुढे ढकलतो.

असो. मला सांगायचंय ते त्या हिरव्या कड्याबद्दल.

स्ट्रॉबेरी, जांभूळ, कोकम, जास्वंद, काळी द्राक्षं, लाल कोबी यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या कुळातल्या रेणूंचा असतो. स्ट्रॉबेरीत त्यातला पेलार्गोनिडिन हा प्रकार जास्त. शाळेत लिटमसचा कागद आम्लात लाल आणि अल्कलीत निळा होताना सगळ्यांनी पाहिलाय. हे रेणू तेच काम करतात, फक्त जास्त नखऱ्यानं. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलनं १६६४ मध्येच लिहून ठेवलंय की व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लानं लाल होतो आणि अल्कलीनं हिरवा. पुढे जर्मनीतल्या रिचर्ड विलस्टेटर यांनी दाखवलं की लाल गुलाब आणि निळं कॉर्नफ्लॉवर या दोन्हींत रंगद्रव्य एकच आहे. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं.

एकच द्रव्य दोन रंग कसं दाखवतं? नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवा. दोर आखूड असेल तर झोका भरभर जातो-येतो. दोर लांब केला की तोच झोका संथ होतो. अँथोसायनिनच्या रेणूत अणूंची तीन कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांच्यावर काही इलेक्ट्रॉन मोकळेपणानं झुलत असतात. ज्या प्रकाशाचा ताल त्यांच्या झोक्याशी जुळतो तेवढाच प्रकाश ते गिळतात. बाकीचा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो.

स्ट्रॉबेरीचा रस चांगलाच आंबट असतो, पीएच साधारण साडेतीनच्या आसपास. (पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा: सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कली.) तिथे हा रेणू धनभारित असतो आणि निळसर-हिरवा प्रकाश गिळतो. उरतो लाल. पीएच वाढवत नेलं की एक मजेशीर टप्पा येतो. पाण्याचा एक रेणू मधल्या कड्याला येऊन चिकटतो आणि झोक्याचा दोरच तुटतो. तुटका, आखूड झोका इतका भरभर हलतो की त्याला लागतो अतिनील प्रकाश, जो आपल्याला दिसतच नाही. रंग गायब! आणखी वर, सातच्या पुढे गेलं की रेणूतल्या ओएच गटावरचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीतला) प्रोटॉन निसटतो, मागे राहिलेले इलेक्ट्रॉन झुल्यात सामील होतात आणि दोर लांब होतो. आता गिळला जातो संथ तालाचा पिवळा-नारिंगी प्रकाश, उरतो निळा. त्याहीपुढे मधलं कडं उघडतं आणि चाल्कोन नावाचं पिवळट रूप तयार होतं. ते झालं की परतीचा रस्ता अवघड. (ज्यांना दोन परिच्छेदांपूर्वीच कंटाळा आला त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल: आंबट तर लाल, अल्कली तर निळं.) लोण्यासारख्या पिवळ्या केकवर हे निळं पसरलं की डोळ्याला हिरवं दिसतं. फोडीच्या आत फळाचं स्वतःचं आम्ल शाबूत, म्हणून गाभा लाल. रस जिथे झिरपून पिठाला भेटला तिथेच कडं.

आता प्रश्न, पीठ अल्कली झालं कसं? खायचा सोडा फुगवतो तो आम्लाशी भांडून. भांडणात कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दोघंही संपतात. ८४ ग्रॅम सोडा संपवायला ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल लागतं, म्हणजे जवळपास वजनास वजन. वाटीभर, समजा २०० ग्रॅम, चांगल्या आंबट दह्यात एक टक्का धरलं तर आम्ल झालं २ ग्रॅम. सपाट अर्धा चमचा सोडा भरतो अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. राहिलेला अर्धा ग्रॅम केळ्याच्या वाट्याला. हिशेब जुळला! आईनं रसायनशास्त्र दहावीनंतर पाहिलं नव्हतं, पण त्या दोन रेघांमध्ये ही सगळी आकडेमोड आहे. पिशवीतल्या गोड दह्यात आम्ल निम्मंच धरा. मग ग्रॅमभराहून जास्त सोडा भांडायला कुणी नाही म्हणून तसाच बसून राहतो, आणि ओव्हनच्या उष्णतेत त्याचा होतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. तो तर खायच्या सोड्याहून कितीतरी कडक अल्कली. साबणासारखी चव लागते ती यानंच.

खरं सांगायचं तर गोड दह्याचा केक आमच्याकडे याआधीही नक्कीच झाला असणार. पण केळ्यात अँथोसायनिन नाही, त्यामुळे केळं कुणाला काही सांगत नाही. फार तर केक जरा जास्त तांबूस भाजला जातो. स्ट्रॉबेरी चुगलखोर.

सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना हे प्रकरण नवं वाटणार नाही, कारण त्यांच्याकडची हळद हेच करते. तिचं कर्क्युमिन वेगळ्या घराण्यातलं, पण स्वभाव तोच: अल्कली लागली की पिवळ्याचं लाल. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग रक्तासारखा होतो तो यामुळे. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही यावरच.

आणि बुवाबाजीही यावरच चालते. लिंबू कापलं की आतून ‘रक्त’ निघतं, करणी सिद्ध होते, पुढचा खर्च तुम्ही करायचा. सुरीच्या पात्याला आधी जास्वंदीचं फूल चोळून वाळवलेलं असतं किंवा मिथाइल ऑरेंज हे आम्लात लाल होणारं रसायन लावलेलं असतं. लिंबाचं आम्ल लागलं की पातं लाल. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हा प्रयोग किती वर्षं करून दाखवत आलेत. तरी व्हॉट्सअॅपवर तोच प्रयोग उलटा करून आला की शिकलेली माणसंही हबकतात. पूर्वी जास्वंदीनं भूत दाखवलं, आता सोड्यानं भेसळ दाखवतात.

मी त्या केकच्या एका तुकड्यावर लिंबू पिळलं. भाची डोळे बारीक करून बघत होती. निळसर कडी बघता बघता गुलाबी झाली, पण सगळी नाही. काही ठिपके कळकट पिवळे-करडेच राहिले. चाल्कोनपर्यंत पोचलेले ते. केकला काही झालेलं नव्हतं. किंचित साबणट होता इतकंच, चहाबरोबर संपला.

दुसऱ्या दिवशी दुधाला विरजण लावलं, दही दीड दिवस बाहेर ठेवलं, नाकाला झोंबेपर्यंत. त्याचा केक झाला. हिरवं कुठेच नाही. पण भाचीचा चेहरा पडलेलाच. “आत्या, हा गुलाबी कुठाय?”

नव्हताच. पिवळसर पांढरा, मध्ये फिकट विटकरी फोडी. सोडा संपला तरी केकच्या पिठाचं पीएच सहा-सातच्या घरात राहतं, म्हणजे त्या दोर तुटलेल्या, रंगहीन टप्प्याच्या हद्दीत. वर उष्णतेनं थोडा रंग जळतो. बेकरीच्या काचेमागे ‘नैसर्गिक स्ट्रॉबेरी’ म्हणून मांडलेला भडक गुलाबी केक, आतपर्यंत सारखा गुलाबी, त्याला बाटलीतला रंग लागतो किंवा बिटाचा रस. भाचीनं मग कच्च्या स्ट्रॉबेरीत साखर आणि लिंबू घालून चटणीसारखं वाटलं आणि केकवर ओतलं. ते मात्र लालभडक झालं. मामींना त्याचा फोटो पाठवलाय. अजून निळी टिक आली नाही.