मिश्र बधिरतेसाठी श्रवण-रोपणे (प्रौढांमधील)

मिश्र बधिरतेत दोन दोष एकत्र असतात. पडदा आणि मध्यकर्णातली तीन हाडे आवाज नीट पुढे पोचवत नाहीत, आणि जो पोचतो तो टिपणारा आंतरकर्णही कमजोर झालेला असतो. मोठ्या माणसांत याच्या मुळाशी बहुधा वर्षानुवर्षे वाहणारा कान, कोलेस्टेटोमा (मध्यकर्णात वाढून हाड पोखरणारी कातडीची गाठ) व त्यासाठी झालेले मॅस्टॉइडचे, म्हणजे कानामागच्या हाडाचे, ऑपरेशन किंवा ओटोस्क्लेरोसिस (मध्यकर्णातले हाड जखडून जाण्याचा आजार) असते. त्यात वयाची भर पडते. पहिला उपाय साधे श्रवणयंत्रच. पण वाहता कान मोल्डने, म्हणजे यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याने, बंद केला की स्राव वाढतो. ऑपरेशनने पोकळी मोठी झाली असेल, तर मोल्ड नीट बसत नाही आणि यंत्र शिट्टी मारत राहते. अशा वेळी रोपणाचा विचार होतो.

कोणते रोपण, हे मुख्यतः ऑडिओमेट्रीच्या (श्रवणचाचणीच्या) ग्राफवर ठरते. त्यात दोन रेषा असतात: हेडफोनमधून ऐकवलेल्या आवाजाची, आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून ऐकवलेल्या आवाजाची, म्हणजे अस्थिरेषा. ग्राफवर डेसिबलचे आकडे खाली वाढत जातात; रेषा जितकी खाली, तितके ऐकू कमी. समजा पहिली ८० डेसिबलवर आणि दुसरी ४० वर आहे. मधले ४० डेसिबल मध्यकर्णात अडकलेले. रोपण मध्यकर्णाचा बिघडलेला मार्ग टाळते, म्हणून त्याला भरून काढायची असते ती मुख्यतः उरलेल्या ४० ची तूट. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी या निवडीत फारशी उपयोगी नाही; तरी लोक दवाखान्यात आधी तीच सांगतात.

अस्थिवाहक, म्हणजे हाडातून कंपन आंतरकर्णाकडे नेणाऱ्या, रोपणांची सुरुवात स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. तिथे १९७७ मध्ये टिटॅनियमचा स्क्रू प्रथम रुग्णांच्या कानामागच्या हाडात बसवला गेला. हाड त्याला धरून घेते. बाहेर राहिलेल्या खुंटावर यंत्र अडकवायचे. या 'बाहा' पद्धतीत ताकद भरपूर मिळते. सर्वांत जोरकस यंत्रे अस्थिरेषा ६५ डेसिबलपर्यंत खाली गेलेल्यांनाही चालतात. त्रास असतो तो खुंटाभोवतीच्या कातडीचा: ती रोज मऊ ब्रशने स्वच्छ करावी लागते, नाहीतर लाल होते, चिघळते. नुसत्या चुंबकाने कातडीवर चिकटणाऱ्या प्रकारात हा त्रास टळतो, पण कंपनाचा बराच जोर कातडीतच जिरतो. त्यामुळे मिश्र बधिरतेत तो बहुतेकदा अपुराच पडतो. 'बोनब्रिज' (२०१२ पासून) आणि 'ओसिया' यांत कंपक कातडीखाली हाडावरच असतो, बाहेरून फक्त संदेश आत जातो. बोनब्रिजची मर्यादा अस्थिरेषेवर ४५ डेसिबल, ओसियाची ५५.

दुसरा प्रकार मध्यकर्ण रोपणाचा; त्यात 'व्हायब्रंट साउंडब्रिज' प्रमुख. त्याचा जेमतेम अडीच मिलिमीटरचा कंपक १९९६ पासून ऐरणीच्या हाडाला अडकवला जाई. २००६ मध्ये इटालियन शल्यचिकित्सकांनी तो थेट आंतरकर्णाच्या गोल खिडकीवर (पातळ पडद्याने झाकलेल्या छिद्रावर) टेकवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हाडे गळून गेलेल्या कानांनाही वाट मिळाली. उंच स्वरांत तो चांगली भर घालतो. मात्र कंपक खिडकीवर किती नेमका टेकला यावर सारे अवलंबून, आणि तो सरकला तर पुन्हा ऑपरेशन. हे काम अनुभवी हाताचेच.

कोलेस्टेटोमा झालेल्यांनी एमआरआयचा प्रश्न आधीच विचारावा. आजार परतला का, हे पाहायला तो पुढे लागू शकतो आणि रोपणातले चुंबक त्याच बाजूच्या चित्रावर मोठा काळा डाग उमटवते. खुंटाच्या पद्धतीत बाहेरचे यंत्र काढले की ही अडचण बरीच कमी होते.

अस्थिवाहक यंत्राचा अंदाज ऑपरेशनआधी डोक्याला पट्टा लावून घेता येतो. तपासणीच्या शांत खोलीत सगळेच बरे वाटते. पट्टा लावून इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत किंवा घरच्या पंगतीत बसून पाहावे. इथल्या मराठी माणसाचे घरचे बोलणे मराठीत आणि बाजारातले हिंदीत. म्हणून शब्दचाचणी एकाच भाषेत झाली असेल, तर दुसरीतही मागावी. रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) बाहेरचे यंत्र घरीच ठेवावे. स्कूटरवर हेल्मेट घालतानाही ते काढावे लागते.

खर्च लाखांत जातो. अपंगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतील कॉक्लियर इम्प्लांटची (आंतरकर्णात तार घालून श्रवणनसेला थेट विद्युत संदेश देणाऱ्या रोपणाची) तरतूद लहान मुलांसाठी आहे. अस्थिरेषा ६५ च्याही खाली गेली आणि शब्द उमगेनासे झाले, तर प्रौढांतही कॉक्लियर इम्प्लांटचाच विचार होतो; त्यासाठी वाहता कान आधी पूर्ण कोरडा करावा लागतो.