गिझरमधले दोन रॉड: कॉइल आणि ॲनोड

"काकू, रॉड गेलाय, बदलावा लागेल." इलेक्ट्रिशियन असं म्हणतो, काकू "बरं" म्हणतात आणि कोणता रॉड हे विचारायचं राहून जातं. १५ किंवा २५ लिटरच्या स्टोरेज गिझरमध्ये रॉड दोन असतात, बऱ्याच मॉडेलांत तर एकाच फ्लँजवर, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या गोल झाकणावर, शेजारी शेजारी. वाकवलेली ती कॉइल, म्हणजे हीटिंग एलिमेंट. तिच्या बाजूचा सरळ, करडा दांडा तो ॲनोड. काही वर्षं पाण्यात राहिले की दोघांचंही रूप पालटतं, पण उलट्या दिशांनी: कॉइलवर थर चढतो, ॲनोड झिजतो. कॉइल बहुतेक वेळा साफ करून चालते. झिजलेला ॲनोड मात्र बदलावाच लागतो.

कॉइल म्हणजे बहुधा तांब्याची नळी, आत निक्रोमची तार आणि मधे ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज अडवते. २००० वॉटची चांगली कॉइल १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण १६ मिनिटं घेते. पाणी तापताना आधण आल्यासारखी खदखद ऐकू येऊ लागली, की क्षार साचलेत असं समजा. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होतं आणि सगळ्यांत गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, बसतं. थरामुळे उष्णता सहज बाहेर पडत नाही, नळी आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी तिला तडा जातो. मग पाणी आत शिरतं आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, ट्रिप होतो. आरसीसीबीच नसेल आणि अर्थिंगही कच्चं असेल, तर आंघोळ करणाऱ्याला शॉक बसतो. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो, माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट त्याला कळत नाही.

मुंबईकरांचं एक बरं आहे. भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी या तलावांचं पाणी मुळात पावसाचं, म्हणून मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. पण टँकर किंवा बोअरवेल आली की हिशोब बदलतो. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत एकीची कॉइल वर्षानुवर्षं स्वच्छ निघते आणि दुसरीची पांढऱ्या खरपुडीने भरलेली, ती यामुळेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीही कॉइलला त्रास देऊ शकतं. साबणाला फेस येत नसेल, तर दर वर्षी गिझर उघडून घ्याच.

आता ॲनोड. माझ्या मते दोघांत तो जास्त महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. गिझरची टाकी बहुतेक वेळा लोखंडी पत्र्याची असते आणि आतून तिला काचेसारखा लेप असतो. त्या लेपात कुठे ना कुठे बारीक छिद्रं राहतातच, आणि गंज तिथूनच धरतो. ॲनोड बहुधा मॅग्नेशियमचा असतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजतं, म्हणून ॲनोड टाकीशी धातूने जोडलेला असेल तोवर पाणी आधी त्याला खातं, टाकीला नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवायला हीच युक्ती सुचवली होती, आणि आजही जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी.

ॲनोड संपतो तेव्हा काहीच कळत नाही, हीच त्याची मोठी अडचण. पाणी तितकंच गरम येतं, आवाज नाही, काही नाही. त्यानंतर टाकी गंजायला लागते आणि एक दिवस खालून थेंब गळतात. कॉइल नवी मिळते, गॅस्केट मिळतं, पण टाकी सडली की गिझरच नवा घ्यावा लागतो. वाईट वाटतं ते याचं, की काहीशे रुपयांचा दांडा वेळेत बदलला असता तर ती टाकी अजून कितीतरी वर्षं चालली असती.

सर्व्हिसिंगच्या वेळी खाली वर्तमानपत्र पसरायला सांगा आणि समोर उभे राहा. कॉइलवरून खपल्या पडताना दिसतील. चिवट थर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून काढायचा, स्क्रूड्रायव्हरने ठोकून नाही, नळीला चर पडतात. ॲनोड हातात घेऊन बघा: खड्डे पडलेला, मध्येच बारीक झालेला, आणि कुठे आतली लोखंडी तार उघडी पडली असेल तर तो परत बसवू देऊ नका. "चालेल अजून, साहेब" म्हणाला तरी नाही. मॅग्नेशियमच्या जागी निव्वळ तार लावून काही उपयोग नाही.

तांबूस पाणी दिसलं तर आधी थंड नळ उघडून बघा. जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेले लोखंडी, पाइप गंजलेले असतात, त्यामुळे दोन्ही नळांना तांबूस पाणी आलं तर गिझरला दोष देऊ नका. फक्त गरम नळाला येत असेल तर टाकी बघायला हवी. गणपतीला गावी जाऊन आल्यावर गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो मात्र ॲनोड संपल्याचा नाही. साचलेल्या पाण्यातले जीवाणू आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे तो येतो. टाकी रिकामी करून परत भरली आणि पाणी चांगलं तापवलं की बहुधा जातो.

एक ते तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरमध्ये ॲनोड बहुधा नसतोच, तिथे कॉइलचीच काळजी घ्यायची. स्टोरेज गिझर परत बसवताना गॅस्केट नवं टाकायला लावा, ॲनोडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देऊ देऊ नका, नाहीतर टाकीशी त्याचा संपर्क तुटतो. आणि गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत स्विच लावू नका, कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.