गेम अडखळतो, पण दोष दर वेळी ग्राफिक्स कार्डाचा नसतो

२०१३ साली सोनीचं प्लेस्टेशन ४ हे गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आलं तेव्हापासून एक समज पक्का झाला आहे: 'कन्सोलच्या आत आता पीसीचाच प्रोसेसर आहे, मग गेम उचलून पीसीवर ठेवायला कितीसं काम? अडखळला तर कार्ड कमजोर.' पहिलं अर्धवट खरं आहे, दुसरं बहुतेकदा चूक.

कन्सोलमधला प्रोसेसर एएमडी कंपनीचा, पण जात पीसीचीच, एक्स८६. फरक पडतो तो शेडरमध्ये. पाणी चमकावं, कातडीवर उजेड पडावा यासाठी ग्राफिक्स चिपला दिलेल्या या छोट्या सूचना. प्लेस्टेशन ५ मधली चिप ठरलेली, म्हणून शेडर आधीच तयार करून गेमसोबत देता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा. त्यामुळे ते तुमच्याच मशीनवर तयार करावे लागतात. हे काम ऐन खेळात निघालं की दार उघडताना चित्र क्षणभर थिजतं. तिथे महागडं कार्डही अडखळतं!

मेमरीचंही तसंच. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना सामायिक असते. पीसीवर प्रोसेसरची रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची व्हीरॅम वेगळ्या, त्यामुळे मधे माहितीची ने-आण.

मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' हा प्लेस्टेशनवरचा गेम पीसीवर आला तेव्हा शेडर तयार होण्यातच लोकांचा बराच वेळ गेला. नंतरच्या पॅचेसनी (दुरुस्तीच्या अपडेट्सनी) गेम बराच सुधारला, कार्डं तीच असताना. आणि जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आलेला प्लेस्टेशनचाच 'गॉड ऑफ वॉर' तर सुरुवातीपासूनच छान चालला. म्हणून नवं कार्ड घेण्याआधी ड्रायव्हर अपडेट करा, शेडर पूर्ण तयार होऊ द्या.