पोर्टेबल शेल स्क्रिप्ट

शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांड ओळीने लिहिलेली फाइल. एकच शेल स्क्रिप्ट लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काहीही न बदलता चालावी, अशा बेताने ती लिहिण्याची पद्धत. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीबरोबर बेल लॅब्जमधून बाहेर पडला. कॉर्न, बॅश, डॅश हे पुढचे शेल त्याच वळणाचे. पण जो तो आपली भर घालत गेला. ही पांगापांग आवरण्यासाठी १९९२ मध्ये पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या सामाईक मानकात शेल आणि त्याच्या जोडीच्या कमांड यांचे किमान नियम ठरले. पोर्टेबल लिहायचे म्हणजे व्यवहारात या नियमांच्या आत राहायचे.

पहिली गफलत पहिल्याच ओळीत होते. स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते तिथे सांगतात. तिथे ‘एसएच’ (सिस्टिमचा मूळ शेल) लिहायचे आणि खाली ॲरे (एका नावाखाली अनेक मूल्ये), अटी तपासायचे दुहेरी चौकटी कंस अशा खास बॅशच्या सोयी वापरायच्या. एसएच म्हणजे बॅशच असेल तिथे हे खपून जाते. उबुंटू या लिनक्सने २००६ मध्ये एसएचच्या जागी हलका डॅश आणला, तेव्हा अशा स्क्रिप्ट अडकल्या आणि बोलणी उबुंटूला बसली. चूक खरे तर स्क्रिप्टचीच होती. बॅशच हवा असेल तर तसे उघड लिहावे. तरीही मॅकबरोबर येणारा बॅश परवान्याच्या कारणाने ३.२ वर अडकलेला आहे, आणि फ्रीबीएसडीवर तो वेगळा बसवावा लागतो.

शेलची भाषा सांभाळली तरी कमांड दगा देतात, आणि खरा वेळ तिथेच जातो. फाइलमधला मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ कमांडचा ‘मायनस आय’ हा पर्याय घ्या; तो बदल थेट त्याच फाइलमध्ये करतो. मॅकवर त्याच्यापुढे बॅकअपचे एक्स्टेन्शन लागतेच; ते दिले नाही तर सेड बदलाची सूचनाच एक्स्टेन्शन समजतो आणि फाइलचे नाव कमांड म्हणून वाचायला जातो. मॅकसाठी रिकामे अवतरण दिले, तर लिनक्सवरचा सेड (जीएनयू प्रकल्पाचा) त्यालाच सूचना समजतो. ‘.बॅक’सारखे एक्स्टेन्शन जागा न सोडता जोडले तर दोन्हीकडे चालते; पण तो पर्यायच पॉझिक्समध्ये नाही, म्हणून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती मूळ नावाने हलवणे बरे. मजकूर छापणारा ‘एको’ही जागोजागी वेगळा वागतो, म्हणून त्याऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरावा.

चुका हेरायला शेलचेक हे साधन उपयोगी आहे, तरी डॅशवर आणि एखाद्या बीएसडीवर स्क्रिप्ट चालवून पाहण्याला पर्याय नाही. एका कमांडचे उत्तर दुसरीत वापरायला पूर्वी ती बॅकटिक या उलट्या अवतरणचिन्हांत लिहीत. सोलारिस या युनिक्सच्या १० व्या आवृत्तीपर्यंतच्या जुन्या बोर्न शेलसाठी मात्र आता बॅकटिक लिहीत बसण्याचे कारण उरलेले नाही; त्याच कामाची डॉलर-कंसाची रीत पॉझिक्समध्येच आहे.