मनोऱ्यामागची माणसे : ख्रिस्ती सामुदायिक रेडिओची पार्श्वभूमी

ख्रिस्ती संस्थेने चालवलेले रेडिओ केंद्र म्हटले की मुंबईतील बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर प्रवचन करणारा पाळक आणि मागून येणारे भक्तिगीताचे सूर उभे राहतात. केरळातील वायनाडच्या डोंगरात मनंतवाडी या कॅथलिक धर्मप्रांताच्या पुढाकाराने 2009 साली सुरू झालेल्या ‘रेडिओ मट्टोली’ या सामुदायिक, म्हणजे स्थानिक लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या, केंद्रावर मात्र शेतीची माहिती असते आणि तिथल्या आदिवासींचे स्वतःच्या बोलीतले कार्यक्रमही असतात. हा पालट समजून घ्यायचा, तर निवेदकाच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसांपासून सुरुवात करावी लागते, कारण या रेडिओचा खरा इतिहास त्यांनीच घडवला आहे.

1931 या एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन केंद्रे सुरू झाली. 12 फेब्रुवारीला व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन झाले, तेव्हा केंद्राची उभारणी करणारे मार्कोनी स्वतः हजर होते आणि पोप अकरावे पायस लॅटिनमधून बोलले. त्याच वर्षीच्या नाताळाला दक्षिण अमेरिकेतील क्विटो येथे क्लॅरेन्स जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसे केंद्र सुरू केले. त्या वेळी इक्वेडोर देशात रेडिओ संच जवळजवळ नव्हतेच.

क्विटोच्या केंद्रातील क्लॅरेन्स मूर या अभियंत्याची हकिकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,850 मीटर उंचीवरच्या विरळ हवेत तिथल्या अँटेनाच्या टोकांशी विजेच्या ठिणग्या उडत आणि अॅल्युमिनियम वितळून खाली गळे. मूर यांनी आधी संडासाच्या टाकीत तरंगणारे तांब्याचे गोळे आणून त्या टोकांना बसवून पाहिले. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा 1942 मध्ये ते पुस्तके घेऊन समुद्रकाठच्या एका गावी गेले आणि अँटेनाला टोकेच राहणार नाहीत अशी तारेची बंद चौकट सुचवून परतले. जगभरचे हौशी रेडिओचालक आजही ती चौकोनी अँटेना वापरतात. मूर यांची ओळख त्यांच्या आवाजाने कोणाला झाली नाही, पण त्यांच्यावाचून तो आवाज पुढे गेला नसता. व्हॅटिकन रेडिओच्या बाबतीतही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात या केंद्राने युद्धकैदी आणि बेपत्ता व्यक्तींसंबंधीचे बारा लाखांहून अधिक निरोप प्रसारित केले. त्यामागे पत्रे उघडणाऱ्या, नावे जुळवणाऱ्या आणि याद्या लिहिणाऱ्या लोकांचे वर्षानुवर्षांचे काम होते.

भारतासाठीचे ख्रिस्ती प्रसारण परक्या भूमीवरून का करावे लागले, याचे उत्तर मुंबईतच सापडते. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. परंतु रेडिओ संचांच्या परवान्यांचे उत्पन्न अपुरे पडल्याने ही खाजगी कंपनी 1930 मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारच्या हाती गेले. 1885 च्या तार कायद्याच्या आधाराने ते पुढे सहा दशकांहून अधिक काळ सरकारकडेच राहिले. त्यामुळे भारतीय भाषांतील ख्रिस्ती प्रसारण सीमेपलीकडून होऊ लागले. 1948 मध्ये मनिलाहून फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनी, 1970 मध्ये सेशेल्सहून ‘फेबा’ (फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग असोसिएशन) आणि 1978 मध्ये श्रीलंकेतील पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ, अशी ही केंद्रे उभी राहिली. सेशेल्सच्या केंद्राचे मनोरे तर किनाऱ्याजवळच्या प्रवाळ खडकांवर, समुद्रातच उभे होते. कार्यक्रम भारतातील स्टुडिओंत ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या फिती समुद्रापलीकडे पाठवल्या जात आणि तोच आवाज रेडिओलहरींवरून पुन्हा इथल्या घरांत उतरे. संचाची कळ केसभर हलली तरी केंद्र निसटायचे. ते ऐकू आल्याचे पत्र श्रोता पाठवी, त्यात वेळ, लहरलांबी आणि आवाजाची स्पष्टता लिही, आणि केंद्राकडून पोचपावतीचे कार्ड येई. त्या पत्रांना उत्तरे लिहिणारी माणसे हाच केंद्र आणि श्रोता यांच्यातला एकमेव जिवंत दुवा होता, असे मला वाटते.

मराठी ख्रिस्ती माणसाला कानाने ऐकायच्या साहित्याची सवय रेडिओच्या पुष्कळ आधीपासून होती. 1616 मध्ये छापलेले फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लोक एकत्र बसून ऐकत, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत गायली जात.

सरकारी मक्तेदारीची चौकट हलली ती क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणावरून झालेल्या एका खटल्यामुळे. 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या पीठावर पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे शैक्षणिक संस्थांना परवाने मिळू लागले आणि 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. 2006 च्या अखेरीस आलेल्या सामुदायिक रेडिओच्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. त्याच्या अटी ख्रिस्ती संस्थांसाठी निर्णायक ठरल्या. संस्था ना-नफा असावी, तिने स्थानिक लोकांत किमान तीन वर्षे काम केलेले असावे आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, असे त्यांत होते. परवाना मागणाऱ्या धर्मप्रांताला, रुग्णालयाला किंवा महाविद्यालयाला आपल्या परिसरातील माणसांना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, माइकसमोर बसवणे भागच होते. मट्टोलीखेरीज चंगनाशेरीचे ‘रेडिओ मीडिया व्हिलेज’, कोल्लमच्या बिशप बेन्झिगर रुग्णालयाचे ‘रेडिओ बेन्झिगर’ आणि मंगळूरच्या सेंट अलॉयशियस महाविद्यालयाचे ‘रेडिओ सारंग’ ही केंद्रे याच वाटेने आली. मला ही अट या केंद्रांवरचे बंधन वाटत नाही. मट्टोलीवर आदिवासी बाई स्वतःच्या बोलीत बोलते, तेव्हा मिशनच्या शाळा-दवाखान्यांतून चालत आलेली सेवाच रेडिओवर आलेली असते.

मुंबईत सामुदायिक रेडिओ म्हटला की मुंबई विद्यापीठाचे कलिना येथील ‘मस्ट रेडिओ’ आठवते. 2006 च्या धोरणानुसार प्रक्षेपणाची ताकद सहसा 100 वॅटपर्यंत आणि मनोरा 30 मीटरपर्यंतच ठेवता येतो, म्हणजे आवाज पाच ते दहा किलोमीटर जातो, आणि गिरणगावातल्या नव्या उंच इमारतींच्या आड तोही अडतो. अमेरिकन मराठी मिशनचा वारसा असलेल्या भायखळ्यात असे केंद्र उभे राहिले, तरी ते फार तर दादर-सायनपर्यंत ऐकू येईल. उत्तन-गोराईच्या कोळी ख्रिस्ती वस्त्या आणि वसईतल्या सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती घरांपर्यंत ते पोहोचणार नाही. उत्तनच्या मच्छीमाराला वाऱ्याची खबर हवी असते, वसईच्या बागायतदाराला पाण्याची चिंता असते, आणि त्यांच्या बोलीही एकमेकींहून वेगळ्या आहेत. म्हणून इथे एका मोठ्या केंद्रापेक्षा प्रत्येक वस्तीचा वेगळा, लहान मनोरा लागेल, आणि त्याच्या माइकसमोर त्याच वस्तीतली माणसे.