लॅपटॉपची रॅम बॅटरी किती खाते? : पार्श्वभूमी

जळगावच्या गोलाणी मार्केटात जुना लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "भाऊ, रॅम चारची आठ जीबी केली तर बॅटरी लवकर उतरेल का?" दुकानदार "काही फरक पडत नाही" म्हणून मोकळा होतो. तो खोटं बोलत नाही, पण सांगतो अर्धंच.

मुळात रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, ही विसराळू जात. १९६६ साली आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना आजच्या रॅमची, म्हणजे डीरॅमची कल्पना सुचली आणि १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर (बारीक स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), एवढ्या जागेत एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक. त्याआधीची फेराइटच्या कड्यांची मेमरी वीज गेली तरी मजकूर धरून ठेवायची. डीरॅमला ते जमत नाही. कपॅसिटरमधला विद्युतभार नव्या माठातल्या पाण्यासारखा पाझरत राहतो, म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. यालाच रिफ्रेश म्हणतात. जुन्या लॅपटॉपच्या रॅममध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत बिट्सची प्रत्येक ओळ एकदा भरून घ्यावी लागते, मग तुम्ही काम करत असा की चहा पीत बसलेले असा.

संगणक भिंतीतल्या सॉकेटवर चालत होता तोवर या खर्चाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. लॅपटॉप आल्यावर हिशेब सुरू झाला आणि व्होल्टेज उतरत गेलं. रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या बघा: एसडीरॅम ३.३ व्होल्टवर चालायची, डीडीआर २.५ वर, डीडीआर२ १.८ वर, डीडीआर३ १.५ वर, डीडीआर४ १.२ वर आणि २०२० साली मानक ठरलेली डीडीआर५ १.१ वर. आकडे बारीक वाटतात, पण चिपमधला स्विचिंगचा, म्हणजे चालू-बंद होण्याचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दीडवरून १.३५ वर आलं की त्या खर्चातला जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो.

ही १.३५ व्होल्टवाली म्हणजे डीडीआर३एल, डीडीआर३चीच कमी व्होल्टेजची आवृत्ती. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात सगळ्यात जास्त घोळ हिचाच. मी स्वतः फसलोय. चौथ्या पिढीच्या कोअर आय३ लॅपटॉपसाठी स्वस्तात मिळाली म्हणून रॅमची चार जीबीची एक पट्टी आणली. खाचेत व्यवस्थित बसली, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळी ती काळीच. तासभर स्क्रू उघडून-लावून झाल्यावर स्टिकरकडे नीट पाहिलं. जुन्या पट्टीवर 'पीसी३एल' (डीडीआर३एलची खूण) होतं, नव्या पट्टीवर नुसतं 'पीसी३' (साधी डीडीआर३). त्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते. त्याआधीचे काही लॅपटॉप दोन्ही चालवून घेतात, पण दोन्ही मिसळल्या की सगळ्याच दीड व्होल्टवर चालतात आणि एलची बचत गेली म्हणून समजा. एका अक्षरापायी!

मोबाइलसाठी एलपीडीडीआर नावाची वेगळीच शाखा वाढली आणि पुढे लॅपटॉपमध्येही शिरली. कमी व्होल्टेज, वापरात नसलेला भाग झोपवून ठेवायची सोय, पण चिप प्रोसेसरच्या अगदी जवळ आणि बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. म्हणजे नंतर वाढवायची वाट बंद. २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये १६ जीबीच्या वर रॅम मिळेना, म्हणून बरीच ओरड झाली. ३२ जीबीसाठी जास्त वीज खाणारी साधी रॅम घ्यावी लागली असती, असं ॲपलचं म्हणणं होतं. २०१८ साली १५ इंची मॉडेलला ३२ जीबी मिळाली ती डीडीआर४, आणि सोबत बॅटरीही मोठी करावी लागली. बॅटरी वाचवायची की रॅम बदलण्याची मुभा ठेवायची, हे भांडण अजून मिटलेलं नाही. २०२४मध्ये एलपीसीएएमएम२ या काढता येणाऱ्या पट्टीचे लॅपटॉप आले, पण ते आपल्या जुन्या बाजारात यायला वेळ आहे.

आता जीबीचा प्रश्न. लॅपटॉप चालू असताना खरे खादाड म्हणजे स्क्रीन आणि प्रोसेसर. त्यांच्यापुढे एका जादा पट्टीचा खर्च किरकोळ. उलट चार जीबीत ब्राउझर आणि एक्सेल सोबत उघडलं की मजकूर रॅममध्ये मावत नाही, तो डिस्कवर ये-जा करतो, म्हणून हार्ड डिस्क सतत घरघरते, आणि तिची वीज वाया जाते ती वेगळीच. अशा वेळी आठ जीबीने बॅटरी टिकते.

खरा फरक दिसतो तो झाकण मिटल्यावर. १९९६च्या एसीपीआय मानकात (संगणकाने वीज कशी सांभाळायची याचे नियम) एस३ नावाची झोप आहे. तिच्यात प्रोसेसर बंद, स्क्रीन बंद, डिस्क बंद, पण रॅम जागीच आणि रिफ्रेश चालूच. इथे जितके जीबी जास्त, तितके माठ जास्त. २००५ नंतरच्या भारनियमनात खान्देशातल्या खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र, आणि आसपासच्या गावांत कंदील! रात्री नुसतं झाकण मिटून ठेवलेला, आधीच दमलेल्या बॅटरीचा लॅपटॉप सकाळी मेलेला सापडला की दोष सगळे बॅटरीला द्यायचे. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून रॅमचीही वीज तोडतात. ही सोय विंडोज २०००पासून आहे, पण आज बऱ्याच लॅपटॉपच्या पॉवर मेनूत ती दिसत नाही; कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावी लागते.

उन्हाळ्याचंही बघायला हवं. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की भार जास्त वेगाने पाझरतो आणि रिफ्रेश दुप्पट, म्हणजे ३२ मिलिसेकंदांवर येतो. बाहेर ४५ अंश असले म्हणून चिप तेवढी तापत नाही. पण मे महिन्यात गादीवर, पंख्याची जाळी गोधडीत रुतवून तासन्‌तास चालवलेला लॅपटॉप त्या दिशेने बराच सरकतो. आमच्याकडे असे लॅपटॉप जूनमध्ये दुरुस्तीला येतात. जाळी उघडली की आत कापसाची एक छोटी गादीच असते.